कोंबड्यांची पिसे झडणे व पिसवा

घरच्या कोंबडीची पिसे गळणे आणि तिच्या अंगावर किंवा खुराड्यात रक्तपिपासू बारीक जीव होणे, या दोन गोष्टी विदर्भातील खेड्यांत बहुधा एकच धरल्या जातात. तशा त्या नाहीत. उघडीबोडकी कोंबडी पुष्कळदा ठणठणीत असते, तर पिसवांनी शोषलेलीची पिसे बऱ्याच दिवसांपर्यंत जागच्या जागी असतात.

पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की वर्षावरच्या कोंबड्या जुनी पिसे टाकतात. कापसाची वेचणी लागते त्या सुमारास अंगणात पिसांचा खच पडतो, अंडी बंद होतात आणि घरात ‘कोंबडीला नजर लागली’ सुरू होते. आधी डोके व मान, मग छाती आणि पाठ, शेवटी पंख-शेपटी असा साधारण क्रम असतो. कातडीवर काट्यासारखे नवे कोंब दिसले की काळजी नको. मात्र पीस सुमारे ८५ टक्के प्रथिनच असल्याने या दोन-अडीच महिन्यांत नुसत्या कण्यांवर भागत नाही; शिजवलेले सोयाबीन किंवा बुरशी न लागलेली शेंगदाण्याची ढेप थोडी द्यावी. फक्त पाठ आणि मानगूट उघडी पडली तर ते कोंबड्याच्या पायांचे व चोचीचे काम. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी पोटाखालची पिसे गमावते. जन्मापासून मान उघडी असेल तर तो वाण आहे, आजार नव्हे.

गावात ज्यांना सरसकट पिसवा म्हणतात त्यांत उवा, गोचीड आणि माइट असे वेगवेगळे जीव येतात. सर्वांत त्रासदायक लाल माइट. हा कीटक नाही; आठ पायांचा, गोचिडाच्या गोतातला, मिलिमीटरभर लांबीचा. उपाशी असताना करडा, रक्त प्याल्यावर लाल. दिवसा तो कोंबडीवर सापडतच नाही. कुडाच्या भेगा, बांबूच्या गाठी, डाल्याची वीण, अंड्यांच्या टोपलीतले तणीस ही त्याची घरे. म्हणून दुपारी कोंबडी धरून पिसे उलटीपालटी करणाऱ्याला काहीच दिसत नाही. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जावे आणि बसायच्या दांडीखालून पांढरे फडके फिरवावे. लाल ओरखडे उमटले तर शंका उरत नाही. त्याआधीच कोंबडी खूण देते: तुरा फिका पडतो, सांजेला खुराड्यात शिरायला ती कां-कूं करते, लिंबाच्या फांदीवर जाऊन बसते.

उष्ण हवेत या माइटची पिढी आठवडाभरात तयार होते. कोंबडीची अंडी उबायला २१ दिवस लागतात, म्हणजे एका खुडूक कोंबडीखाली तीन पिढ्या पोसल्या जातात. पिल्ले फुटतात ती याच गर्दीत, आणि रक्त आटून मरतात.

तेव्हा औषध आधी खुराड्याला, मग कोंबडीला. जुने तणीस जाळावे, भेगांत उकळते पाणी सोडावे, वाळल्यावर चुना मारावा, फटी लिंपाव्यात. डाली, टोपल्या वैशाखाच्या उन्हात टाकाव्यात. ४५ अंशांपुढे माइट टिकत नाही आणि तेवढे ऊन इथे फुकट मिळते. माइटच्या उरलेल्या अंड्यांतून नवे निघतात म्हणून हे सारे आठवड्याने पुन्हा करायचे. बहुतेकांचे बिनसते ते इथे. कोंबडीला लोळायला चुलीची चाळलेली, पूर्ण थंड राख आणि कोरडी माती पडवीत ठेवावी. उन्हाळ्यात ती आपणच धुळीत लोळते. पावसाळ्यात अंगणाचा चिखल होतो आणि नेमके तेव्हाच पिसवा वाढतात.

कपाशीवरून उरलेले कीटकनाशक पाण्यात कालवून कोंबड्या बुडवण्याचा प्रकार घातकच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. किलो-दीड किलोच्या पाखराची काय कथा. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्यावे आणि त्यानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तिथेच विचारावे.

पायाचे खवले उचकटून पांढरट खपल्या धरल्या तर तो निराळा माइट, कातडीत राहणारा. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडत राहावे. खपल्या नखाने काढू नयेत, रक्त येते.