अमेरिकेत पीएचडी करताना स्वतःचा क्लस्टर हवाय? जेटस्ट्रीम-२ साठी असा करा अर्ज

विद्यापीठाच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) रांग लांब, आणि एखादं सॉफ्टवेअर टाकायचं तर प्रशासकाच्या विनवण्या. इंडियाना विद्यापीठाच्या जेटस्ट्रीम-२ या संशोधनासाठीच्या क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) रूट म्हणजे प्रशासकाच्या पूर्ण अधिकारासकट मिळतं. अशी मशीन जोडून प्रयोगशाळेपुरता स्लर्म (जॉब, म्हणजे गणनेची कामं, रांगेत लावून वाटणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर उभारता येतो. पैसे लागत नाहीत, पण नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘अ‍ॅक्सेस’ कार्यक्रमातून क्रेडिट मिळवावे लागतात.

प्रकल्पप्रमुख अमेरिकेतल्या संस्थेतला संशोधक किंवा प्राध्यापक हवा. निकष संस्थेचा, नागरिकत्वाचा नाही. त्यामुळे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरचा पीएचडीचा विद्यार्थीही मार्गदर्शकाचं पत्र जोडून ‘एक्स्प्लोर’ या सर्वात छोट्या गटात अर्ज करू शकतो. पुण्या-मुंबईच्या संस्थेतून थेट अर्ज चालत नाही. मात्र तिथल्या सहकाऱ्याला प्रकल्पात घेता येतं.

सुरुवात एक्स्प्लोरनेच करा: ४,००,००० क्रेडिटपर्यंत, आणि शेवटच्या तारखेची कटकट नाही. अ‍ॅक्सेसचं खातं, प्रकल्पाचं शीर्षक, थोडक्यात वर्णन आणि सीव्ही एवढंच लागतं. पुढच्या मोठ्या गटांपैकी ‘डिस्कव्हर’ला (१५,००,०००) एक पानी टिपण, ‘अ‍ॅक्सेलरेट’ला (३०,००,०००) तीन पानी प्रस्ताव. मंजुरीनंतर क्रेडिट जेटस्ट्रीमच्या तासांत (युनिटमध्ये) बदलून घ्यायचे; ही पायरी विसरलात तर मंजूर क्रेडिट नुसते पडून राहतात.

खरं डोकं लावायचं ते हिशोबात. एक व्हर्च्युअल सीपीयू तासभर चालला की एक युनिट जातं. आठ सीपीयूचं एकच मशीन वर्षभर चालू ठेवलं तर ७०,०८० युनिट गेले, काम असो वा नसो. म्हणून एक्सोस्फिअरमध्ये (जेटस्ट्रीमची मशीन ब्राउझरमधून चालवायच्या साधनात) मशीन तयार करताना स्लर्म क्लस्टरचा पर्याय निवडा आणि मुख्य नोड (क्लस्टर सांभाळणारं मशीन) दोन सीपीयूचाच ठेवा. कामाचे नोड जॉब आला की आपोआप उभे राहतात, संपला की मिटतात. सुट्टीत मशीन नुसतं बंद करू नका, बंद मशीनही निम्मा दर खातं. ‘शेल्व्ह’ केलं (मशीन जपून ठेवून त्याची जागा मोकळी केली) तर काहीच कापलं जात नाही.

सगळ्या गटाला प्रकल्पात घालायचा मोह होतो. तो आवरा, कारण प्रकल्पातला प्रत्येक सदस्य कुणाचंही मशीन पुसू शकतो. देखभाल करणारे एक-दोघेच आत घ्या. ज्यांना फक्त जॉब टाकायचे आहेत, त्यांना मुख्य नोडवर साधं लिनक्स खातं काढून द्या.