खिडकी आपली, मेनू यजमानाचा

विंडोजवर काही वर्षं नीट चाललेला एखादा मजकूर-संपादक मॅकवर न्यायचा आहे, असं समजा. प्रोग्रामर सरळ हिशेब करतो: तिकडे कंट्रोल, इकडे कमांड. सगळे शॉर्टकट एका झटक्यात बदलतो. कॉपी चालतं, पेस्ट चालतं, सेव्ह चालतं. मग कोणीतरी ‘शोधा आणि बदला’साठी कमांड आणि एच दाबतं आणि अख्खा प्रोग्राम पडद्यावरून नाहीसा होतो. तो कोसळलेला नसतो. विंडोजच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये कंट्रोल-एच म्हणजे ‘रिप्लेस’, तर मॅकवर कमांड-एच म्हणजे ‘हाइड’. यंत्राने सांगितलेलं काम इमानाने केलेलं असतं.

एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हीकडे चालावा, ही इच्छा जुनी आहे. त्यासाठीच्या लायब्रऱ्याही, म्हणजे प्रोग्रामरने उचलून वापरायचे तयार कोडचे संच, जुन्या आहेत. डब्ल्यूएक्सविजेट्सची सुरुवात १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात झाली; क्यूटी १९९५ मध्ये लोकांपुढे आली आणि त्याच वर्षी जावा ही प्रोग्रामिंगची भाषाही. बटणं, याद्या, मजकुराच्या चौकटी हा भाग त्यांनी बऱ्यापैकी सोपा केला आहे, कारण विंडोच्या आतली जागा आपली असते. तिथे रंगवाल ते दिसतं. भानगड होते ती प्रोग्राम स्वतःच्या घराबाहेर पाऊल टाकतो तिथे, आणि त्यात मेनू आणि छपाई या दोन जागा फार छळतात.

आधी मेनू. विंडोजवर मेनूपट्टी त्या त्या विंडोला चिकटलेली असते. मॅकवर ती १९८४ पासून पडद्याच्या माथ्यावर आहे, आणि एकच आहे; समोर जो प्रोग्राम असेल त्याचा मेनू तिथे दिसतो. यामागचं गणित मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमाने समजतं: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याच्या कडेवरच्या लक्ष्याची उंची जणू अमर्याद असते, कारण माउस कितीही जोरात वर ढकला, बाण कडेलाच थांबतो. विंडोजची बाजूही लंगडी नाही. तिथे मेनू कामाच्या शेजारी राहतो, आणि मोठ्या पडद्यावर माथ्यापर्यंतचा प्रवास चांगलाच लांबतो.

पण जागेचा फरक वरवरचा आहे. खरा प्रश्न मालकीचा. विंडोजवर शेवटची विंडो बंद केली की सहसा प्रोग्रामही संपतो. मॅकवर सगळ्या विंडो बंद झाल्या तरी प्रोग्राम जिवंत राहू शकतो आणि त्याचा मेनू वर तसाच उभा असतो. मग ‘सेव्ह’ म्हणजे काय सेव्ह करायचं? ती ओळ करडी पडायला हवी, पण ‘न्यू’ चालायलाच हवं. ज्याने मेनू विंडोच्या कोडमध्ये गुंफून ठेवला, त्याचा मेनू विंडोबरोबरच जातो. म्हणून क्यूटीमध्ये कोणत्याही विंडोला न जोडलेली मेनूपट्टी बनवता येते; डब्ल्यूएक्सविजेट्समध्येही मॅकसाठी अशी सामाईक पट्टी देण्याची सोय आहे.

ओळींच्या जागाही ठरलेल्या असतात. ‘एक्झिट’ विंडोजवर फाइल मेनूच्या तळाशी आणि ‘अबाउट’ हेल्पमध्ये. मॅकवर या दोन्ही ओळी आणि सेटिंग्ज प्रोग्रामच्या ठळक नावाखालच्या मेनूत बसतात. क्यूटी ही हलवाहलव आपणहून करते, तीही ओळीचा मजकूर वाचून, अंदाजाने. चित्रांच्या मेनूत तुम्ही साधीशी ‘ऑप्शन्स’ नावाची ओळ ठेवली, तर मॅकवर ती तिथून उठून प्रोग्रामच्या मेनूत जाऊन बसू शकते. विंडोजवर सगळं व्यवस्थित, त्यामुळे शोधणारा तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी शोधतो. उपाय एका ओळीचा आहे: हिची भूमिका कोणतीच नाही, हिला हलवू नकोस, असं बजावायचं. मला विचाराल तर मजकुरावरून अर्थ ताडण्याची ही हुशारी नसती तर बरं झालं असतं.

अधोरेखित अक्षरांची गंमत वेगळीच. विंडोजवर आणि क्यूटीमध्ये नावात ‘&’ घातला की पुढच्या अक्षराखाली रेघ येते आणि आल्ट कळीबरोबर ते अक्षर दाबून मेनू उघडतो. जीटीके या लिनक्सवर चालणाऱ्या लायब्ररीमध्ये त्याच कामाला ‘_’ लागतो. मॅकवर ही पद्धतच नाही. जपानी लिपीत रेघ कोणत्या अक्षराखाली द्यायची, हा प्रश्न विंडोजवर शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर लिहून सोडवलेला दिसतो.

या सगळ्यातून निघालेली वाट अशी: मेनूची ओळ लिहायचीच नाही, आज्ञा लिहायची. आज्ञेचं नाव, ती आत्ता चालू की बंद आणि ती काय करते, एवढं एका जागी ठेवायचं. मेनू, टूलबार आणि शॉर्टकट हे तिचे नुसते दरवाजे. शॉर्टकटसुद्धा ‘कंट्रोल-वाय’ असा कळींनी न सांगता ‘रीडू’ असा नावाने सांगायचा. मग विंडोजवर तो कंट्रोल-वाय होतो आणि मॅकवर कमांड-शिफ्ट-झेड. सुरुवातीचा घोटाळाही इथेच टळतो.

छपाईत यजमान दोन: ऑपरेटिंग सिस्टिम आणि कागद. पडदा ठिपक्यांत मोजतो, कागद मिलिमीटरमध्ये. पहिल्या मॅकिंटॉशने हे अंतर चतुराईने मिटवलं होतं. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते आणि सोबतच्या इमेजरायटर प्रिंटरवर १४४, म्हणजे नेमके दुप्पट. १९८५ मध्ये लेझररायटर इंचाला ३०० ठिपके घेऊन आला आणि हा सोपा भागाकार मोडला. आज ६०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर ए४ पान म्हणजे सुमारे ४९६१ गुणिले ७०१६, जवळपास साडेतीन कोटी ठिपके. पडद्यावर इंचाला ९६ ठिपके धरले, तर एक ठिपका जाडीची रेघ पाव मिलिमीटरहून थोडी जास्त भरते. तोच एक ठिपका या प्रिंटरवर ०.०४ मिलिमीटर होतो. तक्त्याच्या रेघा पडद्यावर दिसतात आणि कागदावर जेमतेम, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. जाडी ठिपक्यांत सांगितलेली असते.

अक्षरांचंही तेच. पडद्यासाठी प्रत्येक अक्षराची रुंदी जवळच्या पूर्ण ठिपक्यापर्यंत नेली, तर ओळीच्या शेवटापर्यंत तो फरक साठत जातो. एखादा शब्द खालच्या ओळीत ढकलला जातो आणि परिच्छेद पुढच्या पानावर. म्हणून मांडणी कागदाच्या मापाने करून तीच आकार बदलून पडद्यावर दाखवणं शहाणपणाचं. शिवाय मोजायला सुरुवात कुठून करायची यावरही एकमत नाही. विंडोजची जुनी चित्रणव्यवस्था पानाच्या छापता येणाऱ्या भागाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजते, मॅकची क्वार्ट्झ खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर. लायब्ररी हे झाकून घेते; तिला वळसा घालून थेट आखायला गेलात, तर पान उलटं येऊ शकतं.

एका गोष्टीत मात्र लायब्ररीही मदतीला येत नाही. पडद्यावर आपण आखतो; छापताना व्यवस्था आपल्याकडे पान मागते: ‘तिसरं पान दे.’ जावाच्या छपाईत तर तेच पान ती पुन्हा पुन्हा मागू शकते. साडेतीन कोटी ठिपके रंगीत ठेवायचे तर दहा कोटींहून जास्त बाइट लागतील, म्हणून पान पट्ट्यापट्ट्यांनी रंगवायचं आणि प्रत्येक पट्टीसाठी ते नव्याने आखून घ्यायचं, हा जुना मार्ग. ज्याच्या कोडमध्ये ‘पुढची ओळ कोणती’ हा आकडा दर मागणीला पुढे सरकतो, त्याच्या छापील पानातून ओळी गळतात. तीन नंबरचं पान कितीही वेळा मागितलं तरी तेच मिळालं पाहिजे.

आता खरा पेच. छपाईच्या डायलॉगमध्ये, म्हणजे छापण्याआधी उघडणाऱ्या चौकटीत, ‘पान १ ते इतके’ दाखवायला एकूण पानं माहीत हवीत. पानं मोजायला मांडणी हवी. मांडणीला कागदाचं माप हवं. आणि कागद निवडायचा असतो त्याच डायलॉगमध्ये! ए४ आहे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, तर अमेरिकेतला लेटर कागद २१५.९ गुणिले २७९.४, म्हणजे सहा मिलिमीटरने जास्त रुंद पण अठराने बुटका. वापरणाऱ्याने ऐन वेळी कागद बदलला की सगळी मांडणी नव्याने. कागदाची निवड ‘पेज सेटअप’ या वेगळ्या डायलॉगमध्ये आधीच उरकून घेण्याची जुनी पद्धत इथे कामी येते.

यापुढचा रस्ता त्यामानाने सरळ झाला आहे. १९९९ मध्ये आलेली कप्स ही छपाईव्यवस्था लिनक्सवर रुळली आणि २००२ मध्ये मॅकनेही घेतली, त्यामुळे तिथे या दोघांची वाट एकच. विंडोजची वेगळी आहे, पण पान शेवटी पीडीएफ म्हणून तयार करता येतंच. चाचणीसाठीही पीडीएफ सोयीचं, फक्त त्यावर पूर्ण विसंबू नये. पीडीएफला कागद धरून ओढणारे रूळ नसतात. खऱ्या प्रिंटरला असतात, आणि बहुतेक प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर कोरेच सोडतात. त्यासाठी पानाच्या चारी कडांना लागून बारीक चौकट आखायची, तिच्या आत दर मिलिमीटरला आणखी एक, आणि एक पान खरोखर छापायचं. कोणती बाजू किती कापली गेली, ते उरलेल्या चौकटी मोजून कळतं.