क्रिनोलिन

क्रिनोलिन : व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७–१९०१) यूरोप-अमेरिकेतील स्त्रिया झग्याला घेर यावा म्हणून आतून घालत तो सांगाडा. मूळ क्रिनोलिन म्हणजे घोड्याचे केस घालून विणलेले ताठ कापड. १८४० नंतर त्याचा परकर करून त्यावर खळ दिलेले आणखी पाच-सहा परकर चढवले जात. हे ओझे उन्हाळ्यात असह्य होई. पोलादी सांगाड्याने ते उतरवले.

हा सांगाडा प्रथम कोणी काढला, याविषयी मतभेद आहेत. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिने गरोदरपण झाकण्यासाठी तो आणला, ही कथा लोकप्रिय आहे. पण युवराजाचा जन्म मार्च १८५६ चा आणि पॅरिसमध्ये मिल्ये याने या सांगाड्याचे घेतलेले एकस्व (पेटंट) त्यानंतरच्या एप्रिलमधले. एकस्वाआधी वस्तू वापरात असणे अशक्य नाही. तरी कथेला दुजोरा मिळत नाही. काही जण श्रेय वर्थ या शिवणकाराला देतात. तो त्या सुमारास दुसऱ्याच्या पेढीवर नोकरीला होता. वेताची किंवा व्हेलहाडाची कडी घातलेले घेर सोळाव्या व अठराव्या शतकांतही होते. तेव्हा नावीन्य आकारात नसून पोलादी तारेत होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रचना साधी होती. चपट्या, लवचिक पोलादी तारेवर सुती वेष्टन चढवून तिची कडी करत. वर लहान, खाली मोठी अशी ती उभ्या फितींना जोडून कमरपट्ट्याला टांगत. नुसता सांगाडा कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा दिसे. बसताना कडी एकमेकींवर मिटत. मात्र बेताने न बसल्यास पुढची बाजू वर उसळे. या घेरावर काश्मिरी शाल छान पसरे.

सांगाडा स्वस्त झाल्यावर मोलकरणी आणि गिरणीकामगार स्त्रियाही तो वापरू लागल्या. कोर्टोल्ड यांच्या कापडगिरणीने १८६० मध्ये तो घरी ठेवून येण्याची सूचना काढली होती. शेकोटीजवळ झगा पेटून मृत्यू येण्याचे प्रकार वारंवार घडत; आतल्या पोकळीतील हवेमुळे ज्वाळा लवकर वर चढत.

१८६५ च्या आसपास पुढची बाजू सपाट होऊन घेर मागे सरकला. दशकाच्या अखेरीस सांगाड्याची जागा फक्त पाठीमागे फुगवटा देणाऱ्या ‘बसल’ने घेतली. तो सत्तरच्या दशकात ओसरला, १८८३ च्या सुमारास पुन्हा आला आणि १८९० पर्यंत मागे पडला.