घरी बांधलेलं विमान: चाकं कुठलीही चालतात, अर्ज अडतो तो कागदांवर

अमेरिकेत गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलेल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: टेलव्हील (शेपटीखालचं चाक) ठेवू की नोजव्हील (नाकाखालचं)? ब्रेक क्लीव्हलँडचे की मॅटकोचे? खुशाल हवे ते घ्या. हौशी बांधणीच्या विमानाला अमुकच ब्रेक लावा, असं एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) सांगत नाही. उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राचा अर्ज अडतो तो दुसरीकडेच.

आधी नोंदणी. एन-क्रमांकाशिवाय, म्हणजे विमानाच्या नोंदणी क्रमांकाशिवाय, उड्डाणयोग्यतेचा अर्ज पुढे सरकत नाही आणि व्यक्तीच्या नावावर हा क्रमांक फक्त अमेरिकी नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला मिळतो. एच-१बी या कामाच्या व्हिसावरचा माणूस किट (विमानाच्या सुट्या भागांचा संच) विकत घेऊ शकतो, चार वर्षं रिव्हेट मारत बसू शकतो, पण विमान स्वतःच्या नावावर करू शकत नाही. हे किट मागवण्याआधी बघा हो. पंख जोडून झाल्यावर कळलं की माणूस पार खचतो.

नोंदणीला फॉर्म ८०५०-१, मालकीचं प्रतिज्ञापत्र म्हणजे ८०५०-८८ (यावर सही नोटरीसमोरच) आणि किट विकणाऱ्याचा विक्रीचा दाखला लागतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं; एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. सगळीकडे एकच नाव, अक्षर न् अक्षर तेच, लिहा.

आता ५१ टक्क्यांचा नियम. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून घडवलेला असला पाहिजे. मग तयार चाकं आणि ब्रेक घेतले तर टक्के कापले जातील, ही भीती अनेकांना असते. नाही कापले जात. इंजिन, प्रोपेलर, टायर, चाकं-ब्रेक बाजारातून घ्यायला मुभा आहे. तुम्ही ब्रेक डिस्क ओतून काढावी अशी कुणाचीच अपेक्षा नाही. गोम आहे ती पैसे देऊन काम करून घेण्यात. लँडिंग गिअर एखाद्या मेकॅनिककडून बसवून घेतलंत, तर ते काम तुमच्या खात्यात धरत नाहीत, शिवाय अर्जात तसं सांगावं लागतं. लपवू नका. आणि फोटो काढा, ज्यात तुम्ही स्वतः दिसता असे! नुसत्या चकचकीत चाकाचा फोटो काम कुणी केलं ते सांगत नाही. बांधणीच्या कामाची वही तारखांसह रोजच्या रोज लिहा. शेवटच्या आठवड्यात एका शाईने उतरवलेली वही तपासनिसाला लांबूनच ओळखू येते.

चाकांची निवड खरी नडते ती वजनाच्या अहवालात. किटच्या पुस्तकातले नमुन्याचे आकडे उतरवून देणारे कमी नाहीत, आणि विमानाला मात्र जाड टायर नि वजनदार ब्रेक. विमान आहे तसं, समतल ठेवून, प्रत्येक चाकाखाली काटा लावून तोला. टेलव्हील असेल तर शेपूट वर उचलूनच समतल होतं, हे विसरून जमिनीवर बसलेलं विमान तोललं तर गुरुत्वमध्य चुकणारच. चाकांच्या आसांची अंतरंही ओळंबा सोडून स्वतः मोजा.

बाकीचं किरकोळ: फॉर्म ८१३०-६ (उड्डाणयोग्यतेचा अर्ज) आणि ८१३०-१२ (हौशी बांधणीच्या पात्रतेचं निवेदन), तीन बाजूंची चित्रं किंवा फोटो, अग्निरोधक ओळखपट्टी, दाराजवळ किमान २ इंची अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’. तपासणी एफएएचा माणूस करतो किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी. प्रतिनिधी फी घेतो, पण तारीख बहुधा लवकर देतो.

प्रमाणपत्र मिळालं की चाचणीचे तास: इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५, नसेल तर ४०. तोवर प्रवासी नाही. कौतुकाने आलेल्या मेहुण्यालाही नाही. पुढे कधी टेलव्हील काढून नोजव्हील लावलंत तर तो मोठा बदल. एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवा, पुन्हा तोला, विमानाच्या नोंदवहीत नोंद करा आणि पुन्हा किमान ५ तास चाचणी उड्डाण.