पाऊस थांबला की कयाक काढायची

वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत डिफिकल्ट रन नावाचा ओढा आहे. व्हिएन्ना, ओकटन, रेस्टन ही उपनगरं त्याच्या पाणलोटात येतात. तिथल्या मराठी कुटुंबांच्या अंगणातलं पावसाचं पाणीही यालाच जाऊन मिळतं. एरवी या ओढ्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घातली तर तळ घासतच न्यावी लागेल. दणकून पाऊस झाला, की पोटोमॅक नदीत उतरणारा त्याचा शेवटचा खडकाळ टप्पा काही तास फेसाळतो आणि कयाकवाले हातातलं काम टाकून निघतात.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना हे गमतीचं वाटेल. तिथे भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटतं आणि त्यावर राफ्ट धावतात. इथे पाणी सोडणारं कुणी नाही. पाऊस किती पडला, किती वेळात पडला आणि जमिनीने त्यातला किती मुरवला, एवढ्यावर सगळं ठरतं.

थोडा हिशेब करू. या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र सुमारे १५० चौरस किलोमीटर आहे. त्यावर सगळीकडे २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी साडेसदतीस लाख घनमीटर भरतं. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे साडेसात लाख घनमीटर, ओढ्यात उतरला असं धरू. हे पाणी दोन दिवसांत निघून गेलं तर सरासरी विसर्ग जेमतेम दीडशे क्युसेक. तेच सहा तासांत गेलं तर बाराशेच्या वर! (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी; खडकवासला धरणामुळे पुणेकरांना तो समजावून सांगायची गरज नाही.) पाणी तेवढंच, पण पहिल्या वेळी ओढा नुसता भरलेला दिसेल आणि दुसऱ्या वेळी त्यात कयाक उसळेल.

दोन दिवसांचे सहा तास होतात ते डांबर आणि सिमेंटमुळे. रानात पडलेला पाऊस पालापाचोळ्यात अडतो, मातीत मुरतो, सावकाश पाझरत ओढ्याला येतो. छपरावरचा पाऊस मात्र पन्हळीतून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात आणि तिथून थेट ओढ्यात. ल्यूना लिओपोल्ड या अमेरिकी जलशास्त्रज्ञाने पोटोमॅकपलीकडे, मेरीलँडमधल्या वॉट्स ब्रँच या अशाच ओढ्याची मोजणी १९५३ पासून वर्षानुवर्षं केली. शहरीकरणाने पुराचा माथा उंचावतो आणि तो लवकर येतो, हे त्याने १९६८ च्या अहवालात आलेखांसह मांडलं. कयाकवाल्यांना यातून मिळालेली देणगी जरा विचित्रच आहे. लहानसहान पावसानेही ओढा चढतो, पण उतरतोही तितक्याच घाईने.

म्हणून त्यांचा खरा सोबती म्हणजे मोबाइलवरचा आलेख. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं मापन केंद्र या ओढ्यावर आहे आणि त्याच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. आकड्याइतकीच रेषेची दिशाही महत्त्वाची. चढतं पाणी ओंडके घेऊन येतं आणि निघताना सोपी वाटलेली वाट मध्यावर पोहोचेपर्यंत अवघड होऊन बसते. उतरत्या पाण्याचा अंदाज तरी बांधता येतो.

पण सपाट उपनगरातल्या ओढ्याला शेवटी एवढा उतार आला कुठून? पोटोमॅकने सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीपासून इथला कठीण खडक झपाट्याने कापत आपलं पात्र खोल नेलं. खडक उघडा पडला, की अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे त्यात बेरिलियम-१० हे मूलद्रव्याचं रूप साचत जातं; ते मोजून हा काळ काढला आहे. लहान ओढ्यांना तेवढ्या वेगाने खडक कापणं जमलं नाही. त्यांना नदीजवळ आल्यावर घाईघाईने खाली उतरावं लागतं.

या उतारावर पाणी खडकाच्या कडेवरून पडून तळाशी घुसतं आणि पृष्ठभागावरचं पाणी मागे, प्रवाहाच्या उलट वाहू लागतं. या जागेला कयाकवाले 'होल' म्हणतात. तिथला पांढरा फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. हवेमुळे घनता घटते, कयाक नेहमीपेक्षा खोल बसते आणि वल्ह्याला पकड मिळत नाही. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर अडलेल्या वस्तूवरचा जोर चौपट होतो.

हा चौपट जोर सर्वांत घातक ठरतो तो आडव्या पडलेल्या झाडापाशी. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. उपनगरी ओढ्यांत अशी झाडं सारखी पडत असतात, कारण वारंवार येणारे पूर काठ पोखरतात. काठही भुसभुशीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत शेतांतून वाहून आलेली माती दरीत आणि पाणचक्क्यांच्या बांधांमागे साचली, तिचेच ते थर. कयाकला पाणी पुरवणारा पूरच वाटेत झाडं टाकून जातो. महिन्यापूर्वी मोकळी असलेली वाट आज मोकळी असेलच असं नाही, त्यामुळे जाणते कयाकवाले आधी काठाने चालत जाऊन पाहणी करतात.

आणि हो, हे पाणी तोंडात जाऊ देऊ नये. हिरवळींवरचं खत, रस्त्यांवरचं तेल आणि कुत्र्यांची घाण, सगळं त्याच पावसाने धुऊन आणलेलं असतं.