गोलंदाजी सरासरी

गोलंदाजाने दिलेल्या एकूण धावांना त्याने घेतलेल्या बळींनी भागून येणारी संख्या. ती जितकी कमी, तितकी कामगिरी सरस.

भागाकार सोपा असला तरी त्यात काय धरावे हे काळानुसार बदलत गेले. इंग्लंडमधील जुन्या धावपत्रकांत झेलबाद फलंदाज बहुधा फक्त क्षेत्ररक्षकाच्या नावे मांडला जाई. गोलंदाजाला श्रेय त्रिफळ्याचेच मिळे. हा प्रघात साधारण १८३० च्या दशकात मागे पडला असावा. त्यामुळे त्यापूर्वीच्या सरासऱ्यांची आजच्याशी तुलना न करणेच बरे. वाइड व नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावे लावणे १९८० च्या दशकात रूढ झाले. बाय, लेगबाय आणि धावबाद आजही त्याच्या हिशेबात येत नाहीत. दशांशातही एकमत नाही. जॉर्ज लोहमनच्या कसोटीतील १,२०५ धावा व ११२ बळींची सरासरी कोठे १०.७५, तर कोठे १०.७६ छापलेली आढळते. पहिल्या आकड्यात पुढचे अंक नुसते छाटलेले आहेत (भागाकार १०.७५८९ येतो), दुसरा अधिक ग्राह्य वाटतो.

विद्यार्थी हमखास चुकतात ते सरासऱ्यांची सरासरी काढताना. नागपूरच्या जामठा मैदानावरील २००८ ची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी याचे उत्तम उदाहरण आहे. पदार्पण करणाऱ्या जेसन क्रेझाने पहिल्या डावात २१५ धावांत ८ व दुसऱ्या डावात १४३ धावांत ४ बळी घेतले. डावांच्या सरासऱ्या २६.८८ आणि ३५.७५, त्यांचा मध्य ३१.३१. पण सामन्याची खरी सरासरी ३५८ ÷ १२ = २९.८३, कारण ८ बळींच्या डावाचे वजन दुप्पट आहे.

स्पर्धा परीक्षांतील नेहमीचा प्रश्न असा: २४ सरासरीच्या गोलंदाजाने एका सामन्यात ६० धावांत ६ बळी घेतले आणि सरासरी ०.५ ने उतरली. तर आधीचे बळी किती? आधीचे बळी 'क्ष' मानल्यास २४क्ष + ६० = २३.५(क्ष + ६), म्हणून क्ष = १६२. समीकरण नेहमी एकूण धावांचे मांडावे.

बळी थोडे असतील तर सरासरी फसवी ठरते. नागपुरातच २०१९ मध्ये बांगलादेशविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात दीपक चहरने ७ धावांत ६ गडी बाद केले, सरासरी १.१७. विदर्भाच्या हर्ष दुबेची २०२४-२५ च्या रणजी हंगामातील सरासरी १७ च्या आसपास होती, पण ती ६९ बळींवर उभी आहे. म्हणूनच सर्वोत्तम सरासऱ्यांच्या याद्यांना किमान बळींची अट घालतात.