सामाईक यंत्रे, वेगळी दारे: अमेरिकेतील मटेरियल सायन्सच्या विद्यापीठ-भागीदाऱ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत मटेरियल सायन्स हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तो स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतर. रॉकेटचे टोक, अणुभट्टीतल्या नळ्या किंवा ट्रान्झिस्टर यांना लागणारे पदार्थ एकट्या भौतिकशास्त्राच्या वा धातुशास्त्राच्या विभागाला पेलणारे नव्हते. म्हणून 1960 साली आर्पा या संरक्षण खात्याच्या संस्थेने कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत आंतरशाखीय प्रयोगशाळा सुरू केल्या. पुढे त्यांची संख्या बारापर्यंत गेली. पैसा एकेका प्राध्यापकाला न देता अख्ख्या प्रयोगशाळेला दीर्घ मुदतीने मिळे. त्यातून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, क्ष-किरण यंत्रे, स्फटिक वाढवण्याच्या भट्ट्या आणि द्रवरूप हेलियमची सोय सगळ्यांसाठी सामाईक झाली. 1972 मध्ये या प्रयोगशाळा नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे आल्या आणि 1994 पासून त्यांची जागा ‘एमआरएसईसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मटेरियल संशोधन केंद्रांनी घेतली.

आर्पाच्या त्या यादीत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले एकही विद्यापीठ नव्हते. यादी केली तेव्हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत वर्णभेद कायद्यानेच चालू होता. असा अनुशेष वर्षागणिक वाढत जातो. जिथे यंत्र आहे तिथे प्रकल्प येतो, प्रकल्प असेल तिथे पीएचडीचे विद्यार्थी येतात आणि त्यांच्या निबंधांच्या जोरावर पुढचे यंत्र मिळते.

वगळलेल्या संस्थांत संशोधन होत नव्हते, हा समज मात्र चुकीचा आहे. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात 1930 पासून भौतिकशास्त्र विभाग सांभाळणारे एल्मर इम्स हे इन्फ्रारेड वर्णपटाचे नामवंत अभ्यासक होते. त्यांच्यानंतरही फिस्कने हा विषय जिवंत ठेवला. कमतरता हुशारीची नव्हती, भांडवली यंत्रांची होती.

सरकारी उपाय हळूहळू आले. 1980 च्या कायद्याने विज्ञान आणि अभियांत्रिकीत समान संधी वाढवण्याची जबाबदारी फाउंडेशनवर टाकली. 1987 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची ‘आरईयू’ योजना सुरू झाली. या योजनेने अनेकांना पहिल्यांदा मोठी प्रयोगशाळा दाखवली, पण तिची मर्यादाही स्पष्ट होती. उन्हाळ्याचे दहा आठवडे. त्यातला सुरुवातीचा काळ सुरक्षा प्रशिक्षण आणि यंत्राचा परवाना मिळवण्यात जातो. नमुने नीट जमू लागतात तोवर परतीची वेळ होते. स्वतःच्या कॉलेजात तसे यंत्र नसते आणि तिथल्या प्राध्यापकाचा त्या प्रश्नाशी संबंध नसतो, म्हणून काम तिथेच थांबते.

2004 मध्ये फाउंडेशनच्या मटेरियल विभागाने ‘प्रेम’ (PREM हे इंग्रजी लघुरूप) ही भागीदारी योजना आणली ती हीच गाठ सोडवायला. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक किंवा आदिवासी विद्यार्थ्यांची संस्था प्रमुख आणि एमआरएसईसीसारखे मोठे केंद्र जोडीदार, अशी तिची रचना. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल इथेच आहे. अनुदानाचे पाकीट छोट्या संस्थेच्या हाती असेल तर संशोधनाचा प्रश्नही तीच ठरवते.

पहिल्या जोड्यांपैकी एक होती प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटावरच्या विद्यापीठाचे हुमाकाओ आवार आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. हुमाकाओ मुख्यतः पदवीचे शिक्षण देणारी संस्था. पेनसिल्व्हेनियात वीजवाहक पॉलिमरसाठी 2000 चे नोबेल मिळवणारे ॲलन मॅकडायर्मिड होते. विषय निवडला तोही परवडणारा: इलेक्ट्रोस्पिनिंग. पॉलिमरचे द्रावण भरलेली सिरिंज, तिच्या सुईला साधारण 10 ते 20 किलोव्होल्टचा दाब आणि 10-20 सेंटिमीटरवर अर्थिंग केलेला पत्रा. द्रावणाची धार हवेत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर केसाहून कितीतरी बारीक धागे जमतात.

यंत्र स्वस्त असले तरी काम सोपे नाही. नुसत्या पॉलीॲनिलिन या वीजवाहक पॉलिमरच्या द्रावणाला पुरेसा चिकटपणा नसतो. धार तुटते आणि धाग्याऐवजी थेंब किंवा मणी पडतात. म्हणून त्यात पॉलीइथिलीन ऑक्साइड हा दुसरा पॉलिमर मिसळतात. ते जास्त झाले की धागा छान निघतो पण विजेची वाहकता घसरते. द्रावक म्हणून वापरलेला क्लोरोफॉर्म पटकन उडतो, त्यामुळे सुईचे तोंड बुजते. द्रावक उडताना धागा गार होतो, दमट हवेत त्यावर बाष्प दवासारखे धरते आणि पृष्ठभागावर छिद्रे राहतात. कॅरिबियन बेटावर हवेतल्या ओलाव्याची नोंद ठेवल्याशिवाय दोन दिवसांचे नमुने एकमेकांशी जुळवता येत नाहीत. हे सगळे पदवीचा विद्यार्थी वर्षभर आपल्याच कॉलेजात करू शकतो. मोठ्या केंद्राकडे जायचे ते सूक्ष्म मोजमापासाठी, हातात नमुना आणि डोक्यात प्रश्न घेऊन.

2004 मध्येच नॅशव्हिलमध्ये फिस्क आणि त्याच शहरातले व्हँडरबिल्ट विद्यापीठ यांनी ‘ब्रिज’ कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थी फिस्कमध्ये दोन वर्षांची मास्टर्स करतो, त्याच काळात व्हँडरबिल्टमध्ये पीएचडीच्या पातळीचा विषय घेतो आणि तिथल्या मार्गदर्शकाबरोबर कामही करतो. पीएचडीच्या प्रवेशाच्या वेळी जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गुणांऐवजी हे प्रत्यक्ष काम समोर असते. फिस्कची बाजू इथे याचकाची नाही. युरोपियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम आयोडाइडचे किरणोत्सार ओळखणारे स्फटिक विकसित करण्यात राष्ट्रीय प्रयोगशाळांसोबत तिचा वाटा आहे. हा पदार्थ हवेतला ओलावा शोषून खराब होतो. म्हणून कोरड्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) हाताळावा लागतो आणि स्फटिक हवाबंद डबीत बंद करावा लागतो.

भागीदाऱ्या अडखळतात त्या बहुधा कारकुनी आणि वेळेच्या कारणांनी. छोट्या संस्थेतल्या प्राध्यापकाला एका सत्रात तीन-चार विषय शिकवावे लागतात. अनुदानातून त्याचे तास कमी केले नाहीत तर करारात लिहिलेले संशोधन रात्री आणि सुट्टीत ढकलले जाते. अनुदान कार्यालयात दोन-तीन माणसे असली की जोडीदाराला द्यायच्या रकमेचा करार महिनोन्‌महिने अडकतो. मायक्रोस्कोप विकत घ्यायला पैसे मिळतात, पण दरवर्षीच्या देखभाल कराराची तरतूद राहून जाते. मग एक पंप बिघडला की यंत्र झाकून ठेवावे लागते. शिवाय सलग काम करणारा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) नसेल तर दर जूनमध्ये नव्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवावे लागते. घर चालवायला नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला मानधन वेळेवर आणि पुरेसे नसेल तर तो गळतो. म्हणून अनुदानाच्या अर्जात या मानधनाची ओळ सगळ्यात आधी पाहावी.

भागीदाऱ्यांना बाहेरचे धक्केही बसतात. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळ हुमाकाओला लागून असलेल्या याबुकोआत किनाऱ्यावर धडकले. बेटावरची वीज कित्येक ठिकाणी महिनोन्‌महिने नव्हती. एप्रिल 2025 मध्ये फाउंडेशनने आपले प्राधान्यक्रम बदलले आणि विविधता व समावेशनाशी जोडलेली बरीच अनुदाने मध्येच रद्द केली. अनुदान मध्येच थांबते तेव्हा मोठ्या केंद्राकडे दुसरे प्रकल्प असतात. छोट्या संस्थेत मात्र पोस्टडॉकचा पगार, विद्यार्थ्यांचे मानधन आणि यंत्राचा देखभाल करार बहुधा त्या एकाच खात्यातून चाललेले असतात.